न ठोकलेला पट्टा

जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्या त्या छोट्या ऑफिसात भाऊ-बहीण दोघंच आर्किटेक्ट. थोरला परवानग्या आणि माणसं सांभाळायचा, धाकटी भिंती आणि छतं. "आपल्याकडे येणारी प्रत्येक इमारत आपल्या आजोबांपेक्षा मोठी," थोरला म्हणायचा, "तिला अहो-जाहोच करायचं."

जुन्या वाचनालयाचं काम आलं. धाकटीने परांचीवर उताणं पडून छताचा गिलावा लाकडी हातोडीने ठोकून पाहिला. घट्ट गिलावा टणटण वाजतो, सुटलेला बद्द. तिसऱ्या दिवशी खिडकीकडचा हातभर पट्टा तेवढा राहिला. मान भरून आली होती. ती खाली उतरली आणि अहवालात लिहिलं, 'संपूर्ण छत तपासले.'

पंधरा दिवसांनी तोच पट्टा गवंड्याच्या खांद्यावर कोसळला.

फोन आला तेव्हा ती पेन्सिलीला टोक करत होती. ते तिने पूर्ण केलं. मग चपला घातल्या. रडू येईल म्हणून दारात थोडी थांबली. आलं नाही.

गवंडी वीस वर्षं त्यांच्याच कामांवर होता. ती त्याला मामा म्हणायची. हॉस्पिटलात तो उशीला टेकून बसला होता. त्याच्या बायकोने स्टूल पुढे सरकवलं.

"हात खांद्याच्या वर जाणार नाही म्हणतात," तो म्हणाला. "खालच्या खाली काय जमेल ते करायचं."

"मामा, तो पट्टा मी ठोकला नव्हता."

"राहिला होय?"

"राहिला नाही. सोडला. कंटाळा आला होता."

त्याने चांगल्या हाताने पांघरूण सारखं केलं. "मला सांगितलं असतंस पोरी, तर मी ठोकला असता."

"तुम्ही निघा आता," त्याची बायको म्हणाली. आवाज चढवला नाही तिने.

ऑफिसात थोरला वाट बघत होता. "चौकशी लागलीय. ओल मुरली होती असं लिहू. ते खोटंही नाही. दोन घरं चालतात या ऑफिसवर."

"तीन," धाकटी म्हणाली.

तिने चौकशी समितीला चार ओळींचं पत्र लिहिलं आणि आधी दादाला वाचायला दिलं. त्याने वाचलं, चष्मा पुसला, परत घातला, कागद टेबलावर ठेवला आणि बाहेर निघून गेला.

तिचा परवाना दोन वर्षांसाठी गेला. वाचनालयाचं काम दुसऱ्यांना मिळालं. थोरला एका बांधकाम कंपनीत पार्किंगचे नकाशे काढू लागला. मामाला भरपाई मिळाली. त्याने फोन केला नाही, तिनेही नाही.

खरं सांगून टाकलंस, आता मन हलकं झालं असेल, असं ओळखीचे लोक म्हणायचे. ती हो म्हणायची. हलकं नव्हतं, जडही नव्हतं. दात काढल्यावर गाल असतो तसं काहीतरी होतं.

एका दुपारी वहिनी आली. सोफ्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता, तो बाजूला सारून बसली.

"तुझा दादा रागावलेला नाही गं. काय बोलायचं ते सुचत नाही त्याला."

"हं."

"जेवलीस का?"

धाकटीला आठवावं लागलं. "नाही वाटतं."

वहिनीने पर्स खाली ठेवली आणि आत जाऊन गॅस पेटवला.