माझी वाकडी चौकट

मी एक जुना झायलोफोन आहे. खेळण्यातला. आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेलो आहे. मित्रांनो, खेळण्यांच्या कहाण्या तुम्ही पुष्कळ वाचल्या असतील. त्यांत एखादी जुनी बाहुली नाहीतर मोडकी मोटार हळूच डोळे पुसते आणि 'मला जपा हो' म्हणते. मला तसलं जमत नाही. माझ्या अंगावर ॲल्युमिनियमच्या आठ पट्ट्या आहेत आणि त्यांतली एकही मुळूमुळू रडणाऱ्यातली नाही. माझी गोष्ट ऐकायची असेल तर माझा रागही ऐकावा लागेल.

माझा जन्म एका घरामागच्या लांबट कारखान्यात झाला. कारखाना कसला, पत्र्याचं छप्पर असलेली एक खोली. तिथे भावंडं मिळून लाकडी खेळणी बनवत. थोरला तो दादा. धाकटी ती धाकटी. तिच्या केसांत पांढऱ्या बटा आल्या होत्या, तरी सगळे तिला धाकटीच म्हणत. दादा माल विकायचा, धाकटी नवी खेळणी शोधून काढायची, आणि त्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनचे सुतारकाका ती जोडायचे. चाकांची बदकं, ठोकळे, डुलणारे घोडे असा त्यांचा संसार होता.

धाकटीच्या डोक्यात एक किडा वळवळत होता. बाजारात चांगला वाजणारा झायलोफोन मिळायचा, पण त्याची किंमत ऐकली की आईबाप तो निमूट फळीवर परत ठेवायचे. स्वस्तातला मिळायचा तो रंगाने झक्क आणि वाजवला की रिकामा डबा आपटल्यासारखा. 'स्वस्त म्हणजे बेसूर, असं कुठे लिहून ठेवलंय?' असं ती स्वतःशीच पुटपुटायची. शेवटी ती हट्टालाच पेटली.

खिडक्या बनवणाऱ्याच्या दुकानात कापून उरलेल्या चपट्या पट्ट्या पडलेल्या असत. त्या ती पिशवी भरून घेऊन आली. पट्टी लांब असली की सूर खालचा, आखूड केली की वरचा. म्हणून ती प्रत्येक पट्टी जरा लांबच कापायची आणि कानस घेऊन टोकाकडून घासत घासत सूर वर चढवायची. घासायचं, वाजवायचं, ऐकायचं. एखादी पट्टी जास्त घासली गेली तर फेकायची नाही, पोटाशी मधोमध घासून सूर थोडा खाली आणायचा. तिची बोटं काळी व्हायची आणि दादा म्हणायचा, "अगं, खेळणं करतेयस की दागिना?"

पण खरी गोम पुढेच होती, मित्रांनो, आणि ही नीट ऐका, कारण माझ्या सगळ्या रागाचं मूळ इथे आहे. पट्टी हातात धरून वाजवली तर कधी छान गुंजायची आणि कधी मुकी व्हायची. धाकटीने एक पट्टी स्पंजच्या दोन तुकड्यांवर ठेवली, वर चिमूटभर मीठ भुरभुरलं आणि मधोमध टकटक मारत राहिली. मीठ नाचायला लागलं. नाचता नाचता ते दोन जागी गोळा झालं आणि तिथेच थांबलं. दोन्ही टोकांपासून थोडं आत, पट्टीच्या पाव भागाच्या जरासं अलीकडे. बाकीची सगळी पट्टी थरथरत होती, फक्त त्या दोन रेघा स्वस्थ होत्या. धाकटी एकदम ओरडली, "सापडलं! हिला इथेच धरायचं!"

खरंच आहे ते. मला माझ्या स्वस्थ जागी टेकवलंत तर मी गातो. थरथरणाऱ्या जागी धरलंत तर माझा गळा आवळला जातो.

आता बघा, लांब पट्टीच्या त्या दोन रेघा एकमेकींपासून लांब असतात, आखूड पट्टीच्या जवळ. आठ पट्ट्या ओळीने मांडल्या की खालचे लाकडी दांडे एका बाजूला लांब लांब आणि दुसऱ्या बाजूला जवळ जवळ ठेवावे लागतात. म्हणजे माझी चौकट वाकडी दिसते. ती तशीच असायला हवी. धाकटीने दांड्यांवर जाड्या लोकरी कापडाच्या चिंध्या चिकटवल्या, पट्ट्यांना त्या रेघांवर खिळ्यापेक्षा जरा मोठी भोकं पाडली, खिळे सैल ठेवले. काडीच्या टोकाला लाकडी मणी बसवला. आणि मग तिने माझ्या पहिल्या पट्टीवर तो मणी हलकेच टेकवला.

काय सांगू! तो सूर पत्र्याखाली इतका वेळ रेंगाळला की सुतारकाकांनी रंधा थांबवून वर पाहिलं. दादाही आत आला. "हे आपल्याकडे बनलं?" असं त्याने विचारलं, तेव्हा धाकटी नुसती हसली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस होता, आणि रागातसुद्धा मी तो नाकारणार नाही.

लगेच मोठं काम आलं. बऱ्याच बालवाड्यांना आणि काही दुकानांना झायलोफोन हवे होते, तेही शाळा उघडायच्या आत. पट्ट्या धाकटीने स्वतः कापून, सुरात लावून ठेवल्या. भोकं पाडून जोडायचं काम तेवढं उरलं. नेमकं तेव्हाच आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि धाकटी आईजवळ राहायला गेली. जाताना तिने मला सुतारकाकांच्या टेबलावर ठेवलं. "काका, हा नमुना. अगदी अस्साच करा."

सुतारकाका वाईट माणूस नाहीत. उलट त्यांच्यासारखा सफाईदार हात शोधून सापडणार नाही. त्यांच्या हातून गेलेली फळी काटकोन तपासायच्या गुण्याला लावली तर मधून उजेड जायचा नाही. आणि तिथेच घात झाला. त्यांनी मला उचललं, गुण्या लावला आणि जिभेने चुकचुकले.

"पोरीचा हात घसरला वाटतं. दांडे पार तिरके झालेत." मग मायेने म्हणाले, "असू दे. सुधारून घेऊ. तिला सांगायलाही नको, उगीच वाईट वाटेल."

अहो काका! एकदा मणी मारून ऐकायचं होतं! मी तुमच्या हातभर अंतरावर पडलो होतो. तुम्ही मला डोळ्यांनी पाहिलंत, बोटांनी चाचपलंत, गुण्याने मोजलंत. वाजवून मात्र पाहिलं नाहीत. वाजणाऱ्या वस्तूला वाजवून पाहू नये, याला काय म्हणावं?

त्यांनी सगळ्या चौकटी काटकोनात, सरळ केल्या. दांडे पट्ट्यांच्या अगदी टोकांखाली आले, कारण तसे ते नेटके दिसत होते. लहान मुलं खिळा उपटून तोंडात घालतील म्हणून त्यांनी खिळे घट्ट ठोकले. काळजी खरी होती, पण पट्टी अशी जखडली की तिला श्वास घ्यायला जागा उरली नाही. माझी भावंडं ओळीने उभी राहिली, देखणी, सरळ, आणि एकजात मुकी. मी शेजारी पडून बघत होतो आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. मला तळपाय नाहीत, तरीही.

दादाने एक उचलून वाजवला. टक्.

"काका, आवाज जरा बसल्यासारखा वाटत नाही?"

"रंग ओला आहे अजून. वाळला की मोकळा होईल."

दादाने पुन्हा मारलं. टक्. त्याला कळलं होतं, मित्रांनो. मी त्याचा चेहरा पाहिला, म्हणून शपथेवर सांगतो. त्याला कळलं होतं. पण दारात टेम्पो उभा होता. त्याने खांदे उडवले आणि म्हणाला, "जाऊ दे. लहान मुलांना काय कळतंय? रंग बघा किती सुंदर आलाय."

हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. उरलेली बिस्किटं, फाटकी पुस्तकं, मोडक्या खुर्च्या, सगळं याच वाक्याच्या पाठीवर बसून मुलांपर्यंत पोचतं. मोठ्या माणसाला कुणी बंद घड्याळ विकून दाखवा म्हणावं! दुकान डोक्यावर घेईल.

धाकटी परत आली तेव्हा टेम्पोत शेवटची खोकी चढत होती. तिने हौसेने एक खोकं उघडलं. झायलोफोनवर मणी मारला आणि तिचा चेहराच उतरला.

"दादा, हे काय केलंत?"

"काकांनी सरळ केलं. तुझं जरा तिरकं झालं होतं."

"तिरकं झालं नव्हतं, मी केलं होतं! उतरव सगळी. मला थोडे दिवस दे, मी एकेक नीट करते."

"शाळा उघडतायत. वेळेवर माल दिला नाही तर आपलं नाव जाईल."

"आणि हा दिल्यावर राहील?"

"हळू बोल. पुढच्या वेळी तुझ्या मनासारखं करू."

"या मुलांना कुठली पुढची वेळ, दादा? त्यांना हाच मिळणार!"

टेम्पो गेला. धाकटीने मला उचलून खिडकीशी ठेवलं आणि त्या दिवसापासून दादाशी कामापुरतंच बोलू लागली. सुतारकाका आपल्या कोपऱ्यात रंध्याला धार लावत बसले, गरज नसताना. मला कुणी वाजवेना. धूळ साचत गेली. धूळ मी सहन केली, तिला मी दोष देत नाही.

मग एका दुपारी टिल्ली आली. टिल्ली म्हणजे दादाची मुलगी, नुकतीच बालवाडीत जाऊ लागलेली. शाळेतून आली की ती कारखान्यात ठोकळ्यांशी खेळायची. धाकटीने मला फडक्याने पुसलं आणि म्हणाली, "टिल्ले, ये. हे वाजवून बघ."

टिल्लीने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"नको आत्या. मला नाही येत."

"न येण्यासारखं काय आहे त्यात?"

"आमच्या शाळेत आहे हे. मी मारलं की टक् होतं. मी बाईंना म्हटलं, हे बिघडलंय. तर बाई म्हणाल्या, नाचता येईना अंगण वाकडं. सगळे हसले." मग ती हळूच म्हणाली, "माझा हात वाईट आहे."

दादा पलीकडे खोक्याला चिकटपट्टी लावत होता. त्याचा हात तिथेच थांबला.

मित्रांनो, म्हण मलाही ठाऊक आहे. पण इथे अंगण वाकडं होतं तेव्हाच तर नाचता येत होतं! ते सरळ करून यांनी नाच बंद पाडला आणि खापर फोडलं कुणावर? एवढ्याशा पोरीच्या हातावर. मी मुका नव्हतो, म्हणून माझा संताप आणखी वाढला. माझ्या भावंडांना ओरडून सांगताही आलं नसेल की बाळ, तुझं काही चुकलं नाही.

धाकटीने टिल्लीच्या मुठीत काडी दिली. टिल्लीने आधी बापाकडे पाहिलं, मग आत्याकडे, आणि मार चुकवावा तसे डोळे मिटून मणी मला जेमतेम लावला.

मी वाजलो. होता नव्हता तेवढा जीव एकवटून वाजलो.

टिल्लीने दचकून डोळे उघडले आणि मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. "कुणी वाजवलं?" तिने विचारलं.

"तू वाजवलंस," धाकटी म्हणाली.

"खोटं."

दादा खाली स्टुलावर बसला. मग तो उठला, टेम्पोची किल्ली घेतली आणि थेट बालवाडीत गेला. संध्याकाळी तो तिथले सगळे झायलोफोन टेम्पोत घालून घेऊन आला. "बाईंना सगळं सांगितलं," एवढंच म्हणाला. सुतारकाकांनी पक्कड घेतली आणि स्वतः ठोकलेले खिळे उपटायला लागले. मग धाकटीकडे न बघता म्हणाले, "ते मिठाचं कसं करतेस, दाखव जरा." नव्या चौकटी तिरक्या झाल्या. खिळे सैलच राहिले, पण खालून टोक वळवून पक्के केले, म्हणजे मुलांच्या हाती लागू नयेत. काकांची ती काळजी रास्तच होती, आणि रीत त्यांनीच शोधली.

तुम्हाला वाटेल, झालं, आता याचा राग गेला असेल. नाही गेला. परत आले ते एका बालवाडीचे. बाकीचे दूरदूर गेले, दुकानांतून घराघरांत पोचले. दादाने पत्रं पाठवली, फोन केले, थोडे आणखी आले. उरलेले अजून कुठेतरी टक् टक् करत आहेत, आणि त्यांच्यासमोर कुणी मूल आपलाच हात उलटसुलट करून बघत आहे.

आणि टिल्ली? ती आता रोज मला वाजवते. छान वाजवते. पण पहिला मणी मारण्याआधी अजूनही ती क्षणभर थांबते आणि जवळच्या मोठ्या माणसाच्या तोंडाकडे बघते. तेवढं मात्र कुणाच्या पकडीने निघत नाही.

म्हणून मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मला आपटा, हरवा, माझी काडी ढोल बडवायला न्या, माझी तक्रार नाही. पण एखादं खेळणं वाजलं नाही, एखादं चाक फिरलं नाही, एखादी पेन्सिल उमटली नाही, तर लगेच स्वतःला नावं ठेवू नका. ती वस्तू उचला, बनवणाऱ्याच्या दारात नेऊन ठेवा आणि म्हणा, "काका, आधी तुम्ही वाजवून दाखवा."