टाचेचा शब्द

म्हाताऱ्याचं खरं नाव काय ते मतदारयादीत उरलं होतं. बाकी सगळे त्याला टाच म्हणत. गाव गाव होतं तेव्हा विहीर खणायची असो की भिंत उभारायची, आधी ह्याला बोलावणं जायचं. हा वहाण काढायचा, उजवी टाच तीनदा जमिनीवर आपटायचा आणि कान देऊन ऐकायचा. मग सांगायचा, "पक्की" नाहीतर "पोकळ". फाटे फोडायची सवय नव्हती. त्या एका शब्दावर माणसं घरं बांधत, आणि चाळीस वर्षांत एक भिंत खचली नाही.

मग शहर गावापर्यंत येऊन पोचलं. आधी रस्ता रुंद झाला, मग पाट्या लागल्या, मग एकाएकी सगळ्यांनाच शेती नकोशी झाली. नावं कुणाला ठेवायची? हाही त्यातलाच. घरं पाडून झाली आणि शेवटची विहीर बुजवायचं काम बिल्डरने ह्याच्याच गळ्यात घातलं. विहीर बुजवायची तर तळाला दगड, वर मुरूम, पाणी मारून ठोकायचं, एक पावसाळा बसू द्यायचं, मग पुन्हा भर घालायची. ही रीत गावाला ह्यानेच शिकवलेली. बिल्डर म्हणाला, आठवड्यात उरकायचं. मग ह्याने पाडलेल्या घरांचा राडारोडाच आत लोटला: तुळया, चौकटी, कुणाचा तरी पाळणा, स्वतःच्या घराचं दारसुद्धा. वर हातभर माती. इथे बाग होणार, असं बिल्डरने सांगितलं होतं. ह्याने ते मानलं, कारण मानणं सोयीचं होतं.

बाग कसली होतेय! चार मजली इमारत झाली. गावातली झाडं, बांध, वाटा सगळंच पुसलं गेलेलं, त्यामुळे लेकीने तिथे तळमजल्यावर घर घेतलं तेव्हा ह्याला जागेचा पत्ताच लागला नाही. तो तिच्याकडे राहायला गेला आणि एक दिवस ओट्यापाशी पाय घसरून टाच जोरात आपटली. खालून पोकळ आवाज आला, आपण बुजवलेली विहीर ती हीच हे त्याला कळलं आणि तो तिथेच बसला. भिंतीतल्या तड्याला लेक दोन वर्षं रंगाऱ्याला बोल लावत होती. त्या दिवशी त्याने तिला सगळं सांगून टाकलं.

लेकीने आधी दार लावून घेतलं. "अजून कुणाला सांगितलंत?"

"तुलाच."

"मग माझ्यापाशीच राहू दे. रविवारी हे घर विकत घेणारे बघायला येतायत."

"अगं, त्यांच्या डोक्यावर येईल ना ते."

"मग आमच्या डोक्यावर येऊ दे? बाबा, तेव्हा कुठे गेलं होतं हे शहाणपण?"

जावयाने तडा भरला, वर रंग मारला आणि तिथे कपाट सरकवलं.

रविवारी नवराबायको आली. तो बस चालवायचा, ती दवाखान्यात नर्स होती. नर्सने नळ सोडून पाहिले, खिडक्या उघडून पाहिल्या. ड्रायव्हरने मात्र काहीच पाहिलं नाही. तो सरळ म्हाताऱ्यासमोर येऊन उभा राहिला.

"आजोबा, आम्ही पलीकडच्या गावचे. आमच्या घराची जागा तुम्हीच बघितलेली. वडील जाईपर्यंत म्हणायचे, टाचेने पक्की म्हटलं की डोळे मिटून बांधायचं. बाकी कुणाचं मला काही ऐकायचं नाही. तुम्ही एकदा सांगा."

म्हाताऱ्याने वहाण काढली. इतकी वर्षं कुणी त्याला हे विचारलं नव्हतं, आणि विचारलं ते इथे. त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने टाच आपटली. एकदा. दोनदा. खाली त्याचंच दार कुजत पडलं होतं आणि आवाज त्याला लख्ख ऐकू येत होता. स्वयंपाकघराच्या दारात लेक उभी होती. ती त्याच्या पायाकडे बघत राहिली.

त्याने तिसऱ्यांदा टाच आपटली.

"पक्की," तो म्हणाला.

ड्रायव्हरने हसून बायकोकडे पाहिलं. तिने खांद्यावरची पिशवी काढून जमिनीवर ठेवली. म्हातारा वहाण घालायला वाकला, पण अंगठा काही केल्या आत जाईना. तेव्हा ड्रायव्हर खाली बसला, त्याने तो पाय मांडीवर घेतला आणि वहाण नीट चढवून दिली.