सोवळ्याची फळी

पेइझेनच्या घरी देवापुढच्या दिव्यालासुद्धा चरबीचा वास येतो, असं सानच्याओ गावात गमतीनं म्हणत, आणि त्यात फारसं खोटंही नव्हतं. कालव्यावरच्या पुलाच्या तोंडाशी तिचं नूडल्सचं दुकान. उजाडायच्या आत डुकराची हाडं आणि वाम माशाचे काटे मोठ्या हंड्यात रटरटायला लागायचे. तो वास भिंतीत, खांबांत, तिच्या केसांत असा मुरला होता की नवरा शुईलिन तिला अंधारातही हुडकून काढी.

अशा बाईनं कुआनयिन मातेला सोवळ्याच्या जेवणाचा नवस बोलावा, हे ऐकूनच गावाला हसू फुटलं.

झालं असं, की हिवाळ्यात सासूबाई कालव्याच्या पायरीवरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. या वयात पुन्हा उभ्या राहतील याचा भरवसा नाही, असं डॉक्टर म्हणाले. लग्न होऊन आल्या दिवसापासून पेइझेनचं सासूशी रोज एक तरी भांडण ठरलेलं, कधी मिठावरून तर कधी विस्तवावरून. आता घरात कुणी उणं काढेना, तेव्हा तिला घर खायला उठलं. एका संध्याकाळी तिनं उदबत्ती लावली आणि हात जोडले. "माते, हिला चालव. आपल्या पायांनी चालली, की तुझ्या दिवशी घरी पोथी लावीन. गावाला जेवण घालीन, आणि त्यात कुठल्या जिवाचा कणही असणार नाही."

वसंतात सासूबाई काठी टेकत उभ्या राहिल्या. स्वयंपाकघरापर्यंत आल्या, हंड्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "अळणी दिसतंय." पेइझेनला रडू आलं.

आता नवस फेडायचा. सहाव्या महिन्यात मातेचा दिवस. पोथी गायला यान बुवांनाच बोलवायचं होतं. साऱ्या पंचक्रोशीत त्यांच्यासारखा गळा नाही. बुवा तरुणपणापासून सोवळ्याचं जेवणारे, पण दुसऱ्या कुणाला त्यावरून टोचून बोलणारे नव्हेत. पेइझेन बोलावणं घेऊन गेली तेव्हा तिनं आपण होऊनच शपथा घ्यायला सुरुवात केली, की नवी कढई आणीन, नवे डाव आणीन. बुवांनी हात वर करून तिला थांबवलं.

"मुली, मी कुणाच्या चुलीत डोकावत नाही. नवस जिनं केला तिला सगळं ठाऊक असतं. वाढलंस, की जेवीन."

तपासणी झाली असती तर बरं, असं पेइझेनला वाटलं. विश्वासाचं ओझं फार.

मग घर रिकामं करायला घेतलं. चरबीचे रांजण, खारवलेल्या तंगड्या, सुकी मासळी, अंड्यांची टोपली, सगळं शुईलिननं शेजारी थोरल्या भावाकडे पोचवलं. प्रत्येक फेरीला त्याचा चेहरा असा पडे, की घरातलं माणूसच परगावी निघालंय.

"ठेवा की," थोरली जाऊ छाईयुन दारातून म्हणाली. "परत न्याल तेव्हा तराजू मात्र आणू नका. माझ्याकडे आलेलं सामान जरा बारीक होतं."

"वहिनी, निदान तंगडीला तरी हात लावू नका," शुईलिन कळवळून म्हणाला.

"तिला कशाला हात लावू? सुरी लावीन."

कढई आणायला गेली तर लोखंडवाल्यानं सवयीनं सांगितलं, "आधी तापवा आणि डुकराच्या चरबीचा तुकडा फिरवून घ्या, म्हणजे गंजायची नाही." पेइझेननं कपाळाला हात लावला. शेवटी आल्याच्या चकत्या आणि मोहरीचं तेल घेऊन तिनं ती कढई इतकी घासली की हाताची बोटं काळी पडली. तालुक्याच्या बाजारात तर भलतीच फजिती. सोवळ्याची म्हणून मांडलेली नकली कोंबडी घ्यावी, तर पाकिटामागे अंड्याचं नाव. खुसखुशीत पुड्या घ्याव्यात, तर त्या चरबीत मळलेल्या. एका दुकानदाराला तिनं इतके प्रश्न विचारले, की तो म्हणाला, "काकू, मिठाचं पण विचारता का? ते समुद्रातून येतं, तिथं मासे असतात."

पण जमलं. चुलीजवळच्या रिकाम्या भिंतीवर शुईलिननं एक लांब फळी ठोकून दिली आणि ती हळूहळू भरत गेली. सुकी अळंबी पाठीवर भेगा पडलेली, जाड. कानाच्या आकाराची काळी अळंबी. सोयाच्या दुधावरची साय वाळवून केलेल्या पिवळ्या काड्या. बांबूचे वाळवलेले कोंब. शेंगदाणे, तीळ, तिळाचं तेल. आणि बाजारातून आणलेला साधा, स्वच्छ सोया सॉस, नव्या कोऱ्या बरणीत ओतून ठेवलेला. कांदा, लसूण, पात यांना दाराच्या आत बंदी. पेइझेन जाता-येता त्या फळीकडे बघायची. आपल्या घरात इतकी कोरडी, इतकी शांत जागा असू शकते, हे तिला नवं होतं.

मातेच्या दिवशी पहाटेच चूल पेटली. नैवेद्याचं अन्न, म्हणून चव बघायची सोय नव्हती. पेइझेन अंदाजानंच मीठ टाकत गेली. एका पातेल्यात मोड आलेल्या सोयाबीनचं पाणी उकळत ठेवलं. मुख्य पदार्थ होता काओफू. कणीक धूत धूत शेवटी हातात जो चिवट गोळा उरतो, तो आंबवून वाफवायचा, त्याचे तुकडे अळंबी-शेंगदाण्यांबरोबर सोया सॉसमध्ये गडद होईपर्यंत शिजवायचे. टोफू आणि सायीच्या काड्याही त्याच रंगात न्हाल्या. पहाटेपासून घरभर उदबत्त्यांचा धूर होता, दुसरा कसलाच वास नाकाला येत नव्हता.

अंगणात मांडवाखाली पोथी सुरू झाली. लाकडी ठोकळ्यावर टोला पडला, टोक, टोक. घंटी किणकिणली आणि यान बुवांनी सूर लावला. मागे साथीच्या दोघी बायका प्रत्येक चरणाला "नमो अमिताभ" म्हणत होत्या, आणि हळूहळू सगळं अंगणच त्यांच्याबरोबर म्हणू लागलं. गायलेल्या पोथीत एक सुख असतं. बोललेला उपदेश कानावरून जातो, गायलेला आत उतरून बसतो. पेइझेन डाव हातात धरून उंबऱ्यावरच थबकली. गोष्ट चालली होती एका गरीब विधवेची. मातेला द्यायला तिच्याकडे काही नाही, म्हणून ती वाटीभर गरम पाणीच पुढे ठेवते. बुवांचा आवाज इतका खाली आला की कालव्यातल्या होडीचं वल्हं ऐकू यावं, आणि तिथूनच त्यांनी तो असा वर नेला की पेइझेनचे डोळे भरून आले. पहिल्या रांगेत सासूबाई नवं निळं जाकीट घालून, काठी मांडीवर आडवी ठेवून डोलत होत्या.

मध्यंतर झालं. आता आधी मातेपुढे वाटी ठेवायची, मग पंगत. पेइझेन धावत आत आली. काओफूला वरून थोडा रंग हवा म्हणून तिनं सोया सॉसची बरणी तिरपी केली.

तळाशी तांबूस गाळ होता.

तिनं बरणी नाकाशी नेली. हा वास तिला झोपेतही ओळखता आला असता. दर उन्हाळ्यात नदीतल्या झिंग्यांची गाभोळी काढून, सोया सॉसमध्ये उकळून, गाळून सासूबाई तो बनवीत. गावात त्याचं नाव होतं. पाहुणे मागून न्यायचे. या घरात सोया सॉस म्हणजे तोच. बाजारचं सामान त्यांना कधी पटलंच नव्हतं. मातेचं जेवण, मग उत्तमातलं उत्तम नको? कधीतरी काठी टेकत आल्या असतील, दुकानातला ओतून दिला असेल आणि आपला भरला असेल. त्यात गाभोळी असते हे त्यांच्या मनातही आलं नसेल.

पेइझेननं दारातून बाहेर पाहिलं. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "काओफू खाऊन बघ आज. बोटं चाटशील."

बोलावं, तर ज्या बाईसाठी नवस केला, तिच्याच हातानं तो मोडला हे साऱ्या गावापुढे येणार. न बोलावं, तर कुणाला कळणारही नव्हतं. गाभोळी गाळलेली, रंग काळा, बुवा काही विचारणारे नव्हेत. आणि ते विचारणारे नव्हते, तिथंच तर तिचा पाय अडकला.

तिनं तिन्ही भांड्यांवर झाकणं ठेवली.

शुईलिन आत डोकावला. "वाढतेस ना? लोक बसलेत."

"यातलं काही वाढायचं नाही."

"का?"

तिनं बरणी त्याच्या नाकाखाली धरली. शुईलिननं हुंगलं. त्याच्या चेहऱ्यावर आधी भीती आली आणि तिच्या पाठोपाठ, त्याला आवरता आला नाही असा, आनंद.

"मग याचं करायचं काय? टाकणं म्हणजे पापच. मी बघतो, पेइझेन. तू काळजी करू नकोस."

"गप्प बस. आणि आईंना एक अक्षर सांगायचं नाही."

बुवा वळचणीखाली चहा घेत होते. पेइझेन त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "बुवा, स्वयंपाकात खोट राहिली. सोया सॉस लागलेलं काहीच वाढता येत नाही. मोडाचं पाणी आहे आणि नुसत्या नूडल्स आहेत. बरणीवर नजर ठेवायला हवी होती, ती मी ठेवली नाही."

बुवांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिची नजर ज्या दिशेला वळायचं टाळत होती, त्या निळ्या जाकिटाकडे पाहिलं.

"मीठ आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग चिंता कशाची? वाढ."

एवढ्यात मागून छाईयुन आली. ती कुणाचंही बोलणं अर्धवट ऐकत नसे. "नुसतं पाणी? आमच्या घराण्याच्या दारात? अगं ए बायांनो!" तिनं अंगणाकडे वळून हाक दिली. "अमावास्या-पुनवेला सोवळं पाळता ना? मग घरात काय काय दडवलंय, ते काढा बाहेर. पळा!"

बायका उठल्या. पुलावरून, गल्ल्यांतून, मागच्या दारांनी गेल्या आणि आल्या त्या पदार्थ घेऊन. कुणाकडे आंबवलेल्या टोफूची बरणी, कुणाकडे खारवलेली मोहरीची भाजी. एकीनं मुलापासून लपवलेले तळलेले अक्रोड आणले. होडीवाल्याची म्हातारी आई तर तळपायाएवढी मोठी, सुगंधी अळंबी घेऊन आली. ती तिनं स्वतःच्या तेराव्याच्या जेवणासाठी ठेवली होती; म्हणाली, "पण आज मरायचा विचार नाही, तेव्हा घे." पेइझेन घेत होती, चिरत होती, पाण्यात टाकत होती. वाफेला असा वास सुटला, की अंगणातली माणसं बोलायची थांबली.

पहिली वाटी मातेची. पेइझेन ती घेऊन बाहेर आली, तेव्हा सासूबाईंनी मान लांब करून आत पाहिलं.

"हे काय पांढरंफटक? माझा सोया सॉस कुठाय?"

"आई, आज तसंच—"

"तसंच काय? मी मुद्दाम तुझं ते दुकानातलं पाणी ओतून दिलं आणि माझा भरला. यंदाची गाभोळी अशी सुरेख होती, दोनदा गाळून..."

त्या थांबल्या. सासूबाईंचा हात तोंडाकडे गेला. नवं जाकीट घातलेली ती म्हातारी एकदम लहान दिसू लागली. "गाभोळी," त्या पुटपुटल्या. "अगं माते. मीच केलं."

टोक.

सगळ्यांनी वळून पाहिलं. यान बुवा आपल्या जागेवर जाऊन बसले होते. टोक, टोक. हे पोथीत कुठंच नव्हतं.

"गाळून गाळून आजीनं प्रेम बरणीत भरलं,
बोल गाळून सुनेनं ते मनातच धरलं.
विधवेच्या गरम पाण्याला माता धावून आली होती,
इथं तर मीठही आहे, मग कशाची भीती?"

"नमो अमिताभ!" साथीच्या बायका हसत हसत म्हणाल्या, आणि अंगण तर हसण्यातच म्हणालं.

"बुवा," सासूबाईंचे डोळे ओले होते, "नवस मोडला का हो?"

"तुम्ही सांगा. नवस कशाचा होता?"

"मी चालण्याचा."

"मग मातेपुढची वाटी सून का नेतेय?"

सासूबाईंनी मांडीवरची काठी उचलून छाईयुनच्या हातात दिली आणि उठल्या. पेइझेननं वाटी त्यांच्या दोन्ही हातांत ठेवली. मांडवातून देव्हाऱ्यापर्यंत अंतर फार नव्हतं, पण पेइझेन मागून चालत होती ती दोन्ही हात पसरून, न शिवता, जसं पहिलं पाऊल टाकणाऱ्या पोरामागं चालावं. वाटीतलं पाणी डुचमळलं, काठापर्यंत आलं, पण सांडलं नाही. सासूबाईंनी ती मातेपुढे ठेवली. मग इतका वेळ रोखलेला श्वास सगळ्या अंगणानं एकदमच सोडला.

जेवण झालं. बुवांनी दुसऱ्यांदा नूडल्स घेतल्या. दुसरा भाग दिवेलागणीपर्यंत रंगला. त्यात शुईलिन कुठं दिसला नाही. तो मागच्या दारी काओफूच्या भांड्याशी एकटाच, मोठ्या निष्ठेनं बसला होता.

दुसऱ्या दिवशी रांजण परत आले. तंगडी खरंच बारीक झाली होती. पण फळी पेइझेननं काढली नाही. पुन्हा हंडा रटरटू लागला, तरी चुलीजवळचा तो कोपरा कोरडा, शांत राहिला. अमावास्येला आणि पुनवेला दुकानात मोडाच्या पाण्यातल्या नूडल्स मिळू लागल्या. सासूबाईंनी आपल्या सोया सॉसच्या बरण्यांच्या गळ्याला लाल दोरा बांधला, आणि एकदा फळीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"ते पांढरं पाणी वाईट नव्हतं हं," त्या म्हणाल्या.

पेइझेन चमकली. इतक्या वर्षांत तिच्या हाताचं कौतुक त्या घरात असं ऐकू आलं नव्हतं. "खरंच, आई?"

"जरा अळणी होतं," सासूबाई म्हणाल्या, आणि काठी न घेताच अंगणात गेल्या.