फूटस्टेपखाली जॅक

गाडी घ्यायची ऐपत आली की माणसाला वाटतं अक्कलबी आली. मी तीस वर्सं गॅरेजवाल्याची बायको हाय, मला इचारा. कोळवणच्या वाटंला फाट्यावर आमच्या मालकांचं गॅरेज हाय, आन तितं एकेक शहाना मी बघितलाय. चाक बदलायला गाडी उचलायची म्हनून कुनी इंजनाखालच्या तेलाच्या टाकीला जॅक लावतंय, कुनी नुसत्या पत्र्याला लावतंय, आन मग फुटकी गाडी टोचन करून आमच्या दारात. पन दादासायबासारखा शहाना मी जल्मात बघितला न्हाई.

दादासायेब म्हंजी खोऱ्यातली बडी आसामी. भाताची खाचरं फार्महाऊसवाल्यांना इकली आन ही येवढी काळी गाडी दारात आनली. चालायचा तोरा असा, की जनू गाडी ह्यांनीच पोटातनं काढलीया. त्यांचा एकुलता एक सौरभ. त्या सौरभसाठी आमच्या अपेक्षाला बघायला ही मंडळी रविवारी आली.

अपेक्षा माजी लेक. आयटीआय केलेली, पिरंगुटच्या एका वर्कशॉपात मेकॅनिक हाय. गाडीखाली सरपटत जाऊन काम करती. त्यापायी तीन ठिकानी मोडलं. "पोरीच्या जातीला शोभतं का हे," म्हनायचे. म्हनून ह्या टायमाला मी भिवाजीला, माज्या भावाला, नीट पढवून ठेवलं. स्थळ त्यानंच आनलं व्हतं. म्हनलं, पोरगी वर्कशॉपच्या ऑफिसात कंप्युटरवर बसती असं सांग. आदल्या दिशी तिचे हात लिंबू-साखरेनं घासघासून काढले.

"आई, खोटं कशाला सांगायचं?" ती चिडली.

"गप बस," मी म्हनलं. "सत्ताविसावं सरलं तुजं. हे जमलंच पायजे."

पोहे झाले, चहा झाला. सौरभनं सगळा येळ फोनात तोंड घातलेलं. पोरीला येकच इचारलं, "टॅली येतं का?" अपेक्षानं माज्याकडं बघितलं. मी डोळे वटारले. ती म्हनली, "शिकीन." दादासायेब मिशीवरनं हात फिरवत म्हनले, "पसंत हाय. गुरवारी सुपारी फोडू." माज्या डोळ्यांत पानी आलं, खोटं कशाला बोलू. आमचे मालक तर निम्मे वाकलेच. मुलीचा बाप झाला की ह्या मानसाच्या पाठीचा कनाच जातो, बघा.

निघायला बाहेर आले तर गाडीचं डाव्या अंगाचं मागचं चाक बसलेलं. सौरभची आई गुडघे दुखतात म्हनून आधीच चढून, एसी लावून मागच्या सीटवर बसली व्हती.

"मी फाट्यावरनं आपला मोठा जॅक आनतो," मालक म्हनले. "धा मिन्टात."

"कशाला? आमच्या गाडीत सगळं हाय," दादासायेब म्हनले.

सगळं व्हतं खरं. सौरभनं डिकीतनं जॅक काढला तर त्याला हळद-कुंकू लागलेलं, वर दोऱ्यानं बांधलेलं वाळकं झेंडूचं फूल. दसऱ्याला पुजलेला. देव म्हनून पाया पडले, पन कुटं लावायचा ते एकदा पुस्तक उघडून बघितलं न्हाई. आता त्या पोरानं फोनवर व्हिडिओ लावला. व्हिडिओत गाडी भलतीच, आन बोलनारा बोलतुया हिंदीत. दोन मिन्टं बघितलं आन ह्यो झाला मिस्तरी.

आन त्यानं जॅक लावला कुटं? फूटस्टेपखाली!

फूटस्टेप म्हंजी दाराखालची ती चकचकीत पायरी. ती गाडीसंगं आलेली न्हवती, बाजारातनं आनून चार बोल्टांवर टांगलेली. मानसानं पाय द्यायची जागा ती. गाडीचं वजन घ्यायची जागा ठरलेली असती. चाकाजवळ खालच्या पट्टीला दोन खाचा असतात, त्यांच्या मधी पत्रा दुहेरी असतो, तितंच जॅक लावायचा. हे आमच्या दारातल्या कुत्र्यालाबी ठावं झालं असंल.

मी दारातच उभी व्हते. मी बघितलं. मालकांनीबी बघितलं. त्यांचं तोंड उघडलं आन परत मिटलं. दादासायबांनी कमरेवर हात ठेवून पोराचं कौतुक चालवलं व्हतं, "आमच्या सौरभला सगळं येतं." त्याच्या तोंडावर कसं म्हनायचं, येत न्हाई म्हनून? खाली वाळूवर जॅक, समोरच्या चाकाला दगड न्हाई, गाडीत बाईमानूस बसलेलं, आन गाडी वर चाललीया. खिडकीत अपेक्षा आली. मी मानंनंच तिला आत जा म्हनून सांगितलं.

चाक काढून बाजूला ठेवलं. मग ह्या हुशारांना आठवलं, की स्टेपनी गाडीच्या पोटाखाली टांगलेली हाय.

"मागनं दांडा घालून फिरवला की ती खाली येती," मालक हळूच म्हनले.

"दांडा कुटं पडलाय कुनाला ठावं," दादासायेब मालकांना म्हनले. "भिकूभाऊ, तुमी तर ह्यातलेच. जरा खाली शिरा आन घ्या की ओढून."

आन आमचं ध्यान शिरलं! तीस वर्सं गिऱ्हाइकांना शिव्या घालनारा मानूस, "नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली बोटबी घालू नका" म्हनून बोंबलनारा मानूस, इवाई म्हनतोय म्हनून धोतराच्या सोग्यासारखा खाली सरकला. नुसते पाय बाहेर. मी पदर तोंडात धरला आन उभी ऱ्हायले.

कर्रर्र झालं. फूटस्टेप वाकत व्हता.

"आप्पा, बाहेर!" अपेक्षा साडी खोचत पळत आली. काढलेलं चाक तिनं दोन्ही हातांनी ढकलून गाडीच्या पट्टीखाली आडवं सारलं, आन बापाचे पाय धरून ओढलं. मालक कमरेपातूर बाहेर आले आन बोल्ट तुटले. गाडी धाडकन त्या चाकावर बसली. मालकांची छाती आन गाडीचं पोट ह्यात चार बोटं जागा उरली. तिनं दुसरा हिसका दिला, तवा सगळा मानूस बाहेर आला. आत सौरभची आई किंचाळली.

दादासायेब काय म्हनले असतील? मानूस वाचला म्हनले असतील?

"आरं, माजा फूटस्टेप!" म्हनले.

मग त्यांची नजर अपेक्षाच्या हातांवर गेली. "पोरगी ऑफिसात हाय म्हनला व्हता न्हवं?"

"न्हाई काका," ती म्हनली. "मी गाड्यांखाली काम करते. आता काकूंना खाली उतरवा."

काकू उतरल्या. दांडा त्यांच्याच सीटखाली निघाला. अपेक्षानं समोरच्या चाकांना दगड लावले, जॅकखाली फळी घातली, खाचांच्या मधी नीट बसवून गाडी उचलली, बाहेर उभं राहूनच स्टेपनी उतरवली आन चाक चढवलं. ईस मिन्टं लागली. तेवढा येळ सौरभ मुठीत नट धरून उभा. एक-एक मागितला की एक-एक देत व्हता. गाडी निघाली तवा कुनी "येतो" म्हनलं न्हाई. संध्याकाळी भिवाजीचा फोन आला. गुरवारचं न्हाई म्हनले, पोरगी लई आगाऊ हाय म्हनले.

माजं डोकं फिरलं. मालक ओट्यावर पाठ शेकत बसले व्हते, त्यांच्यावरच धावले. "जॅक कुटं लावलाय ते दिसत न्हवतं तुमाला? इतकी वर्सं काय मातीत गेली का?"

"दिसत व्हतं," ते म्हनले. "बोललो असतो तर पोरीचं मोडलं असतं."

अपेक्षा मोरीत हात धूत व्हती. ती तशीच वल्या हातानं बाहेर आली.

"आन तू गं आई? तू तर दारातच व्हतीस."

"मला काय कळतंय गाडीतलं," मी म्हनलं.

जॅक लावताना त्या शहान्या दादासायबाकडं मी जशी बघत व्हते, तशी ती माज्याकडं बघत ऱ्हायली.