कोटाची पाठ

बाबांचा कोट मी दोन दिवसांसाठी नेला होता. हे मी आजही शपथेवर सांगेन आणि आजही आमच्या घरात कुणी विश्वास ठेवणार नाही.

बाबा शिंपी. जन्मभर दुसऱ्यांचे कपडे शिवले आणि स्वतःसाठी शिवला एकच कोट. गडद हिरवा, तीन बटणांचा. तो अंगात चढला की बाबा दोन इंच उंच व्हायचे आणि आईशीसुद्धा जरा अदबीने बोलायचे. वर्षातून चार-पाच वेळा तो कपाटाबाहेर यायचा. त्याला हात लावायचा तर आधी हात धुवायचे, असा घरातला नियम होता. दादाने सहावीत असताना एकदा न धुता लावला होता, ते त्याला अजून ऐकावं लागतं.

बाबांची आणखी एक सवय सांगायला हवी. कपडा पुरा झाला की ते आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असा, लाल दोऱ्याचा एक बारीक टाका घालायचे. तो टाका पडला की कपडा गिऱ्हाईकाचा. मग बाबा त्याच्याकडे वळूनही बघत नसत. स्वतःच्या कोटात मात्र तो टाका त्यांनी कधी घातलाच नव्हता.

मी एका नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळते. त्या उन्हाळ्यात आमच्या विनोदी नाटकाचे सत्तर दिवसांत बावन्न प्रयोग लागले होते, आणि प्रत्येक गाव मागच्या गावापासून शक्य तितकं लांब. नाटकात जुळे भाऊ; एक वकील, दुसरा रिकामटेकडा. दोन्ही भूमिका आमच्या नायकाच्याच. त्याला आम्ही तोफ म्हणतो. त्याला हळू बोलता येत नाही. तो कानात कुजबुजला तरी तिकीटखिडकीवर ऐकू जातं. तर दुसऱ्या अंकात तोफ रिकामटेकडा म्हणून कपाटात शिरतो आणि अकरा सेकंदांत वकील होऊन पलंगाखालून बाहेर येतो. पलंगाखालूनच का, हे दिग्दर्शकाला विचारायची सोय नव्हती.

पहिल्या प्रयोगाला दोन दिवस उरले असताना वकिलाचा कोट शिवून आला, तो तोफच्या कोपरापर्यंत पोचून थांबला. तोफ आणि बाबा अंगाने सारखे. बाबा दुकानात होते. मी हात धुतले, कपाट उघडलं आणि कोट पिशवीत घातला. हात धुतले होते, एवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेवा.

पण अकरा सेकंदांत तीन बटणं लागत नाहीत. आम्ही चौदा वेळा करून पाहिलं. एकदा तर तोफ पलंगाखालून आला तेव्हा कोटाच्या बाह्या त्याच्या पायात होत्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कपडेपटात अशा वेळी एकच इलाज असतो. कोट पाठीवर वरपासून खालपर्यंत कापायचा, आतून वेल्क्रोची चिकटपट्टी लावायची, पुढची बटणं कायमची शिवून टाकायची. नट समोरून हात घालतो, मागून आपण पट्टी थापायची, झाला वकील. मी कात्री चालवली तेव्हा डोळे मिटून घेतले होते, म्हणून रेघ जरा वाकडी गेली.

वकिलाचा पुन्हा रिकामटेकडा होताना पट्टी सुटायची, तेव्हा चर्रर्र आवाज यायचा. तो लपवायला दिग्दर्शकाने तिथे वीज कडाडवली. नाटकात बाहेर रखरखीत ऊन, नायिका पंख्याने वारा घेतेय, आणि मध्येच गडगडाट. एका वर्तमानपत्रात छापून आलं की ही वीज म्हणजे नायकाच्या दुभंगलेल्या मनाचा आक्रोश. झालं. दिग्दर्शकाने आणखी दोन विजा वाढवल्या.

चौथ्या दिवशी बाबांचा फोन आला. "कोट कुठे गं?"

"धुवायला दिलाय, बाबा."

"कुणी सांगितलं होतं?"

"तुम्हाला खूश करायला दिला."

पुढच्या आठवड्यात लॉंड्रीवाला आजारी पडला. मग त्याच्या मुलाचं लग्न निघालं. मग सून भांडून माहेरी गेली, म्हणून दुकान बंद. महिन्याभरात मी त्या नसलेल्या माणसाचं अख्खं कुटुंब उभं केलं. मी ठरवून टाकलं होतं. शेवटचा प्रयोग झाला की पट्टी उसवायची, पाठ बारीक टाक्याने जोडायची, इस्त्री करायची, आणि कोट हातात घेऊन बाबांसमोर उभं राहून सगळं खरं सांगायचं. त्यांनी रागवावं, हवं तर महिनाभर बोलू नये, पण कोट त्यांच्या हातात धड पडायला हवा होता. त्या उन्हाळ्यात मला दुसरं काही नको होतं.

मध्येच आमच्या गावात प्रयोग लागला. बाबा आईला घेऊन तिसऱ्या रांगेत बसले. वकील पलंगाखालून बाहेर आला आणि विंगेत मी पडद्याआड सरकले. प्रयोग संपल्यावर बाबा भेटायला आत आले.

"नाटक बरंय. विजा फार कडाडतात."

"हो ना, बाबा."

"त्या वकिलाचा कोट कुणी शिवलाय?"

"आहे कुणीतरी बाहेरचा."

"चांगला हात आहे," म्हणाले आणि चष्मा पुसत निघून गेले. बाबांची नजर गेली, असं वाटून मला वाईट वाटलं. सुटले, असंही वाटलं. कपड्यांची पेटी मी घरी नेली आणि माझ्या पलंगाखाली कुलूप लावून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारभर बाजारात बटणं शोधत हिंडले आणि संध्याकाळी पेटी घेऊन पुढच्या गावाला गेले.

त्यानंतर दोन बदल झाले. दर तिसऱ्या प्रयोगाला मध्येच निसटणारी पट्टी शहाण्यासारखी वागू लागली. विंगेत कायम अंधार. मी कोटाच्या आत कधी डोकावले नाही, श्रेय स्वतःला देऊन मोकळी झाले. आणि बाबांचे फोन बदलले. "लॉंड्रीवाल्याची सून आली का परत?" असं विचारायचे. मी हो म्हटलं तर म्हणायचे, "कोटाची घाई नाही म्हणावं त्याला. आधी घरचं बघ म्हणावं." मला वाटलं, बाबा म्हातारे झाले.

एकेचाळिसाव्या प्रयोगाच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, आम्ही रंगमंचावर पलंग लावत होतो तेव्हा दादाचा फोन आला. बाबा दुकानात एका गिऱ्हाईकाच्या छातीचं माप घेत होते. घेता घेता खाली बसले, ते उठलेच नाहीत. गिऱ्हाईक बिचारं डॉक्टर येईपर्यंत हात वर करून उभं होतं, कारण त्याला हात खाली घ्यायला कुणी सांगितलंच नाही. दादा हे सांगताना हसला आणि मग त्याला बोलता येईना. फोन आईने घेतला.

"कोट घेऊन हॉस्पिटलात ये," ती म्हणाली. "त्यांना तोच घालायचा आहे."

मी पलंग तिथेच सोडला आणि पेटी उघडायला गेले. तोफला कळलं तेव्हा तो पहिल्यांदा खरोखर हळू आवाजात बोलला. "घेऊन जा कोट. मी टॉवेल गुंडाळून वकील होतो." झालाही. त्या दिवशी म्हणे लोक खुर्च्यांवरून पडेपर्यंत हसले.

बस थेट संध्याकाळी होती, म्हणून सामानाच्या ट्रकवाल्याने मला रिकाम्या ट्रकमधून नेलं. पाच तासांचा रस्ता. मी सुई-दोरा काढला. निदान पाठ जोडलेली दिसू दे. ट्रक खड्ड्यांतून उडत होता, मी रडत होते, चष्म्यावर पाणी, आणि मी वरच्यावर घाईघाईने टाके घालत सुटले.

"ताई," शेवटी ट्रकवाला म्हणाला, "तुम्ही तुमची बाही शिवताय."

खरंच. बाबांचा कोट मी माझ्याच शर्टाच्या बाहीला वीतभर शिवून टाकला होता. सगळे टाके कापावे लागले. हॉस्पिटलच्या दारात उतरले तेव्हा कोट होता तसाच फाटका, आणि वर माझी एक बाही लोंबत होती.

आतल्या थंड खोलीत आई, दादा आणि तिथे काम करणारे एक काका होते. बाबा टेबलावर होते, अंगात नुसता बनियन. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. काकांनी बाबांचा हात उचलून पाहिला.

"हात वळत नाहीत," ते म्हणाले. "कोट मागून कापावा लागेल. सगळ्यांचा असाच घालतो."

"या कोटाला कात्री?" दादा म्हणाला. "बाबा उठून बसतील!"

"आधीच लागलीये," मी म्हणाले.

मी कोट उलटा केला आणि पट्टी ओढली. चर्रर्र. सवयीने मी वर पाहिलं. वीज कडाडली नाही.

काकांनी पट्टी दोनदा उघडून लावून बघितली. "फार छान काम आहे. आमच्याकडे येता का कामाला?"

पण मी आत बघत होते. माझी वाकडी रेघ सरळ झाली होती. माझे ओबडधोबड टाके उसवून पट्टी पुन्हा लावलेली होती, मुंगीच्या पावलांसारख्या बारीक टाक्यांनी, आणि अगदी खाली, शिवणीच्या टोकाला, लाल दोऱ्याचा एक टाका.

"तू बाजारात गेली होतीस त्या दुपारी," आई म्हणाली. "किल्ली उशीखालीच ठेवलीस. तीन तास बसले होते शिवत आणि हसत. म्हणाले, कापलाय वाकडा, पण डोकं चालवलंय पोरीने. मी गेल्यावर मला घालताना कुणाला त्रास नको."

"मग मला बोलले का नाहीत?"

"बोलले असते तर लॉंड्रीवाल्याच्या घरच्या बातम्या बंद झाल्या असत्या ना."

दादा भिंतीकडे तोंड करून हसायला लागला, मग मीही हसले, आणि हसता हसताच मला रडू फुटलं ते आवरेना. लाल टाका पडला म्हणजे कोट बाबांचा राहिला नव्हता. तो त्यांनी मला देऊन टाकला होता, आणि मी महिनाभर त्यांना सुनेच्या गोष्टी सांगत बसले होते.

कोट माझा होता, म्हणून तो त्यांना मीच घातला. आधी हात धुतले. दादाने बाबांना खांद्याशी जरा उचललं, मी समोरून बाह्या चढवल्या, मग मागे हात घातला. तोंडाने आपोआप आकडे सुरू झाले. सहा, सात, आठ. नवाला मी पट्टी थापली.

"हळू गं," आई म्हणाली. "आता कुठे जायचंय त्यांना पलंगाखालून."

मी पट्टी सोडवली आणि पुन्हा लावली. वरून खालपर्यंत, सावकाश.