माझ्या पुढच्या डाव्या चाकाचं गाऱ्हाणं

मित्रांनो, एखाद्या घराच्या अंगणात उभी असलेली जुनी, उंच, सात माणसांची गाडी तुम्ही नक्की पाहिली असेल. तिच्या बॉनेटचा रंग उडालेला असतो, मागच्या काचेवरच्या धुळीत कुणीतरी बोटानं चित्र काढलेलं असतं आणि येणारा-जाणारा विचारत असतो, "ही अजून चालते?" तीच मी. लोक मला एसयूव्ही म्हणतात. वय वर्षं चौदा, म्हणजे गाड्यांच्या हिशेबानं नातवंडं खेळवण्याचं.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. आधी सांगाडा, मग इंजिन, दारं, काचा, असं एकेक अंगावर चढत गेलं. शेवटी निळ्या टोपीतला एक माणूस आत बसला, त्यानं मला सरळ रस्त्यावर भरधाव सोडलं आणि एकदम ब्रेक दाबला. मी जागच्या जागी थांबले. माझं वजन दोन टन. मला थांबवलं कुणी, तर चाकामागच्या लोखंडी तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणाऱ्या, तळहातात मावतील एवढ्या पॅडनी. त्या दिवशी मी जी थक्क झाले, ती अजून पुरती सावरलेली नाही. पळण्याचं कौतुक सगळेच करतात. पण उतारावर सोडलेला दगडही पळतो हो. हवं तिथं थांबता येणं, ही खरी करामत.

माझा पहिला मालक जमिनीची मोजणी करायचा. त्याच्याबरोबर मी ओढे तुडवले, चिखलात रुतले, खडीवरून घसरले. शेजाऱ्यांपैकी कुणाला रात्री-बेरात्री दवाखान्यात न्यायचं असो की कुणाचं बिऱ्हाड हलवायचं असो, हाक मलाच यायची. "गाडी नाही, हत्ती आहे," असं लोक म्हणायचे आणि मी मनातल्या मनात फुगायचे. मग त्यानं नवी गाडी घेतली. मी एका गोदामामागे तीन वर्षं पडून राहिले. माझ्या चाकांतून गवत उगवलं, सीटवर मांजर व्यायली. पावसापाण्यात माझ्या पोटाखाली काय काय गंजत गेलं, ते बघायला कुणी वाकलं नाही.

तिथून मला बाहेर काढलं एका नर्सनं. ती घरोघर जाऊन आजारी माणसं बघते. कुणाची जखम बांधायची, कुणाला इंजेक्शन द्यायचं, कुणा अंथरुणाला खिळलेल्या आजींना नुसतं उठवून खिडकीशी बसवायचं. घरं सगळी टेकडीवर विखुरलेली आणि रस्ते चढ-उताराचे, म्हणून तिला उंच आणि दमदार गाडी हवी होती. तिचा नवरा जहाजावर नोकरीला, वर्षातून दोनदा घरी येणार. बाकी घरात ती आणि तिचे सासरे, दोघंच.

सासऱ्यांना सगळी गल्ली मशीनकाका म्हणते. चाळीस वर्षं त्यांनी शिलाई मशीन दुरुस्त केली. कुठलंही मशीन कुरकुरलं की लांब चोचीच्या कुपीतून दोन थेंब तेल सोडायचं, चाकाला एक गिरकी द्यायची, की मशीन मुकाट्यानं टाके घालू लागायचं. पुढे जवळची नजर अधू झाली आणि दुकान बंद करावं लागलं; लांबचं मात्र स्वच्छ दिसायचं, गाडीही चालवता यायची. पण हातांना स्वस्थ बसण्याची सवय नव्हती. त्यांनी घरातल्या बिजागऱ्यांना तेल घातलं, फाटकाला घातलं, पंख्याला घातलं, शेजारणीच्या पोळपाटाला तेवढं राहिलं. त्या घरात एकही दार आवाज करण्याची हिंमत करत नसे.

आणि अशा घरात मी कुरकुरले.

सकाळी नर्सताई निघाली की फाटकाशी ब्रेक लावायची, आणि माझं पुढचं डावं चाक कर्कश किंचाळायचं. पाटीवर नख ओढल्यासारखं. गल्लीतली कुत्री उठून उभी राहायची. मशीनकाका व्हरांड्यात चहा पीत असायचे. रोज तो आवाज त्यांच्या जिवाला लागायचा, कारण त्यांच्या मते आवाज करणारी वस्तू म्हणजे हयगय झालेली वस्तू.

"चाक कोरडं पडलंय," ते एकदा म्हणाले.

"रविवारी बघू या, बाबा," ती म्हणाली आणि निघून गेली.

पण रविवारपर्यंत दम धरतील ते मशीनकाका कसले. गुरुवारी पहाटे ती अंघोळीला गेली असताना ते माझ्यापाशी आले, गुडघ्यावर बसले आणि चाकाच्या फटीतून आत टॉर्च मारला. बाहेरच्या बाजूचा पॅड चांगला बोटभर जाड दिसत होता. म्हणजे झिजलेलं काही नाही, निदान पक्कं. त्यांनी कुपीची चोच आत घातली आणि तबकडीवर तेल सोडलं. दोन थेंब नाही, गाडी मोठी म्हणून चांगली अर्धी कुपी. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की काका, माझे ब्रेक घर्षणावर जगतात, तिथं तेल म्हणजे विष. पण मला ओरडायला एकच अवयव होता आणि नेमकं त्याचंच तोंड त्यांनी बंद केलं होतं.

त्या दिवशी फाटकाशी आवाज आला नाही. मशीनकाकांनी चहाचा घोट घेतला आणि मिशीतल्या मिशीत हसले.

मग उतार आला. वळणावर नर्सताईनं पाय दाबला. उजव्या चाकानं धरलं, डावं नुसतंच घसरत राहिलं, आणि मी उजवीकडे ओढली गेले. तिनं स्टिअरिंग घट्ट आवळलं, खालचा गिअर टाकला आणि हँडब्रेक दातादातानं वर घेतला. मी थांबले ती रस्त्याकडेच्या विटांच्या ढिगापासून चार बोटांवर. तिनं इंजिन बंद केलं आणि उतरून चाकापुढे एक वीट लावली.  मित्रांनो, चौदा वर्षांत मी कधी इतकी घाबरले नव्हते.

शेजारच्या टेम्पोवाल्यानं दोर बांधून मला घरी ओढून आणलं. मशीनकाका फाटकातच उभे होते. चाकावरून ओघळलेलं तेल बघताच तिला सगळं कळलं, आणि तिचा चेहरा बघताच त्यांना.

"मीच घातलं," ते म्हणाले.

तिनं खाली वाकून ते तेल रुमालानं पुसलं. रागावली असती तर बरं झालं असतं. त्यांनी दोन्ही हात समोर धरून असे पाहिले, जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते. "हे हात आता कामाचे राहिले नाहीत, पोरी. आज तुझं काही बरंवाईट झालं असतं. मेकॅनिकला बोलव. मी कशाला हात लावणार नाही." संध्याकाळी चहासुद्धा त्यांनी तिच्याकडून ओतून घेतला. कप सांडेल म्हणाले.

मला कुणी ना कुणी दुरुस्त केलंच असतं. पण मशीनकाकांचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास त्या उतारावर उडाला होता, आणि तो परत येतो की नाही याची मला माझ्या ब्रेकपेक्षा जास्त काळजी लागली.

शुक्रवारी नर्सताई पायी फिरून पेशंट बघून आली. मेकॅनिकला फोन केल्याचं मी काही ऐकलं नाही. शनिवारी सकाळी तिनं माझ्या कप्प्यातलं जाडजूड दुरुस्तीचं पुस्तक काढलं, स्टूल आणून माझ्याजवळ मांडलं आणि हाक मारली, "बाबा, मला चाक काढता येत नाही. आणि तुम्हाला हे बारीक अक्षर दिसत नाही. मी वाचते, तुम्ही करा."

"मी सांगितलं ना तुला."

"सांगितलंत. पण माझ्याकडे कुणी खोकत आलं, तर मी खोकला बंद करायचं औषध आधी देत नाही. आधी छातीला नळी लावते. तुमच्याकडून घाई झाली, एवढंच. हातांचा काय दोष त्यात?"

ते दारातून अंगणात आले. मग बाह्या सरसावल्या.

मागच्या चाकांना दगड लागले. चाकाचे नट आधी, मी जमिनीवर असतानाच, सैल झाले. मग जॅकनं मला उचललं आणि खाली भक्कम स्टँड लावले, कारण पुस्तकात तीनदा लिहिलं होतं की नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. नर्सताईनं ते तीनही वेळा मोठ्यानं वाचलं.

"एकदा वाचलंस तरी चालेल," मशीनकाका म्हणाले.

"तुमच्यासाठी तीनदाच बरं."

त्यांनी आधी उजवं चाक हातानं फिरवलं. ते गरगर फिरलं. मग डावं. ते अडत, कण्हत फिरलं. तेव्हा नर्सताईनं गळ्यातला स्टेथोस्कोप कानाला लावला आणि त्याची गार चकती चाकामागे, पॅडना धरून ठेवणाऱ्या लोखंडी चिमट्यावर टेकवली. या चिमट्याला कॅलिपर म्हणतात. मित्रांनो, मला लोकांनी लाथा मारल्या आहेत, थापट्या मारल्या आहेत, पण असं डोळे मिटून, श्वास रोखून मला कुणी ऐकलं नव्हतं. मी चाकभर शहारले.

"आतून येतोय आवाज, बाबा. बाहेरून नाही."

चाक निघालं, कॅलिपर निघाला. पुस्तकात सांगितलं होतं म्हणून तो त्याच्या नळीवर लोंबू न देता तारेनं वर टांगला. आणि मग आतला पॅड मशीनकाकांच्या तळहातावर आला. बाहेरचा बोटभर जाड होता, हा बिस्किटाहून पातळ झाला होता. ज्या दोन पिनांवर कॅलिपरनं मागेपुढे सरकायचं, त्यांतली एक गंजून घट्ट बसली होती. तिचं रबरी टोपण फाटलं होतं आणि गोदामामागच्या तीन वर्षांचं पाणी आत शिरलं होतं. त्यामुळे सगळा भार एकट्या आतल्या पॅडवर पडत होता.

मशीनकाकांचं बोट पॅडच्या कडेला थांबलं. तिथं पत्र्याची एक चिमुकली जीभ होती, टोकाला घासून चकचकीत झालेली. "हे काय लागतंय?"

नर्सताईनं पान उलटलं आणि वाचून दाखवलं. ती जीभ बनवणाऱ्यांनी मुद्दामच ठेवलेली असते. पॅड जाड असतो तोवर ती तबकडीला लागत नाही. झिजून पातळ झाला की टेकते, आणि किंचाळते.

मशीनकाका त्या पत्र्याच्या तुकड्याकडे बघतच राहिले. मीही, बघता येतं तेवढी. कुठल्या तरी कारखान्यात, आम्हाला कधीही न भेटलेल्या कुणी एकानं आधीच विचार करून ठेवला होता, की हा पॅड एक दिवस झिजेल, गाडीत कुणाची तरी लेक किंवा सून बसलेली असेल, आणि तिला वेळेवर कळलं पाहिजे. इतकी माया एवढ्याशा पत्र्यात मावते, हे मला चौदा वर्षं माहीत नव्हतं.

"मला वाटलं, बिघाड ओरडतोय," मशीनकाका हळूच म्हणाले. "तो तर राखणदार होता. मी त्याच्याच तोंडात तेल ओतलं."

तेलानं भिजलेले पॅड बाद झाले. नर्सताईनं दुकानातून दोन्ही पुढच्या चाकांचे नवे पॅड आणि नवी रबरी टोपणं आणली, कारण पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकदमच बदलतात. तबकडी ब्रेकच्या क्लीनरनं धुतली, पुसली, पुन्हा धुतली. मशीनकाकांनी तबकडीवरून नख फिरवून चरा पडलेला नाही याची खात्री केली. ते नख बघून मी चकित झाले. नजर अधू झालेल्या माणसाच्या सगळ्या बोटांना डोळे फुटले होते. गंजलेली पिन त्यांनी अर्धा तास गोंजारली, हळूहळू पिळली, आणि ती सुटली. पॉलिश कागदानं घासून तिला लखलखीत केलं.

"आता पिनांना ग्रीस लावा," नर्सताईनं वाचलं. "ब्रेकसाठीचं वेगळं असतं, ते. थोडंसंच. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला अजिबात नाही."

त्यांचा हात थबकला. ग्रीसच्या ट्यूबकडे ते विंचू असल्यासारखे बघत होते. "तूच लाव."

"मला नाही जमणार इतकं थोडंसं."

त्यांनी काडेपेटीतली एक काडी घेतली, टोकावर मोहरीएवढं ग्रीस घेतलं आणि पिनेवर फिरवलं. हात हलला नाही. पिन सुळकन आत गेली आणि बाहेर आली, आणि त्यांनी ती आणखी चार वेळा, काही गरज नसताना, आतबाहेर करून पाहिली.

दुसऱ्या बाजूचं काम संपायला रविवारची दुपार झाली. नवे पॅड बसावेत म्हणून कॅलिपरचा दट्ट्या मागे रेटावा लागला होता. त्यामुळे मशीनकाकांनी पहिल्यांदा पाय दाबला, तेव्हा पेडल सरळ तळाला गेलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. पण नर्सताईनं पुढची ओळ वाचली होती. "जागच्या जागीच दाबत राहा, बाबा. घट्ट होईपर्यंत." पाचव्यांदा पेडल घट्ट झालं. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि मीही.

मग सपाट गल्लीत, मुंगीच्या पावलांनी, ते मला एकटेच घेऊन फिरले. दहा वेळा चालवलं, दहा वेळा हळुवार थांबवलं. आवाज नाही, ओढ नाही. राहिला तो उतार. तिथंही त्यांना एकट्यालाच जायचं होतं. पण त्यांनी किल्ली फिरवेपर्यंत नर्सताई शेजारच्या सीटवर येऊन बसली होती आणि तिनं पट्टा लावला होता. त्या दिवशी सकाळीच ती टेकडीवरची सहा घरं पायी फिरून आली होती.

मित्रांनो, माझी विनंती मी इथंच करून घेते, कारण पुढे मला सगळं लक्ष रस्त्यावर ठेवायचं आहे. घरातली एखादी वस्तू किंवा एखादं माणूस कुरकुरायला लागलं, तर आधी त्याचं तोंड बंद करायला धावू नका. जवळ बसा, ऐका, आत काय झिजलंय ते बघा. आणि कुणाच्या हातून चूक झाली, तर त्याच्या हातातलं काम काढून घेऊ नका.

उताराच्या माथ्यावर मशीनकाकांनी मला थांबवलं. खाली रस्ता सरळ विटांच्या ढिगाकडे उतरत होता. "तू उतर इथं," ते समोर बघत म्हणाले. "मी एकदा खाली जाऊन येतो. मग तू बस."

उत्तर आलं नाही. त्यांनी वळून पाहिलं. नर्सताईचं डोकं काचेला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं होतं. ती गाढ झोपली होती.

मशीनकाका कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा पुसला, हँडब्रेक सोडला, आणि वळणावर इतका अलगद पाय दाबला की ती जागी झाली नाही.