अंगठ्याखालचे पाच शब्द

"लिंबू," सर्वेश म्हणाला आणि अडला.

"पुढं?" खंडूनं त्याच्या पोटरीत अंगठा रुतवला. "अरे, पुढं बोल ना! नुसते पाय दाबून घ्यायला आलायस काय?"

"खिडकी... बैल..." सर्वेशनं डोळे गच्च मिटले. "काका, लाइट बंद करा ना यार. डोक्यात सणका मारतायत."

"उद्या मॅडम काय लाइट बंद करून विचारणार आहे? चल. एका दाबाला एक शब्द. बैल, मग?"

"चादर. पितळ."

"शाब्बास. परत पहिल्यापासून."

अंधेरीच्या सराव-हॉलमागच्या मालिशच्या खोलीत हा अभ्यास दोन दिवस चालला होता. मंगळवारी कबड्डीच्या सरावात सर्वेशनं सूर मारून चढाई करणाऱ्याचा घोटा धरला आणि त्याचा गुडघा याच्या कानशिलावर बसला. सर्वेश थोडा वेळ निपचित पडला, मग उठला आणि ऐटीत जाऊन समोरच्या संघात उभा राहिला. सगळे पोट धरून हसले, खंडू तर सगळ्यांत जास्त. एकट्या तेजल मॅडम हसल्या नाहीत. त्या संघाच्या फिजिओ. "डोक्याला आतून मार बसलाय," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी तपासते. पास झाला तर रविवारी खेळेल, नाहीतर बाहेर बसेल."

रविवारी उपांत्य सामना होता आणि तो बघायला भारतीय संघाच्या शिबिराचे निवडकर्ते येणार होते. बाहेर बसून चालणार होतं थोडंच!

खंडूच्या टी-शर्टावर 'सहायक फिजिओ' असं छापलेलं होतं, पण हॉलमध्ये सगळे त्याला मालिशवालाच म्हणत. जोगेश्वरीच्या मंडळाकडून तो बारा वर्षं मातीत खेळला. एकदा कोपर लागून डावा कान कायमचा गेला, तेव्हा तोंडावर पाणी मारून कोणीतरी त्याला पुन्हा मैदानात ढकललं होतं. ही गोष्ट तो एखादी ढाल जिंकल्यासारखी सांगायचा. आईनं, शेवंतीनं, नऊ वर्षांच्या सर्वेशला मंडळात आणून सोडलं, तेव्हा पहिल्या दिवशी खंडूनं त्याला सांगितलं होतं, "घाबरू नकोस रे. कबड्डीत बाद झालेला गडी परत जिवंत होतो." खंडूला बायको नाही, मूल नाही. त्यानं आयुष्यात केलेली एकच चांगली गोष्ट म्हणजे संघाचा हा डावा कोपरा, सर्वेश, असं त्याला मनापासून वाटायचं.

मॅडमच्या तपासणीत पाच शब्द वाचून दाखवायचे, मधे महिने उलटे म्हणून घ्यायचे आणि मग ते पाच शब्द पुन्हा विचारायचे. इंग्रजी याद्या पोरांना जड जात, म्हणून मॅडमनी हौसेनं स्वतः एक मराठी यादी केली होती. एकच. आणि मॅडमची बॅग वाहायचं काम खंडूकडे होतं.

शुक्रवारी सर्वेश घडाघडा बोलला. मग एका पायावर उभं राहायला सांगितलं, ते तर तो झोपेतही राहिला असता. मॅडमच्या कपाळावरची आठी मात्र जाईना.

"डोकं दुखतंय? खरं सांग."

सर्वेशनं खंडूकडे पाहिलं. "नाही मॅडम. झकास."

"काका, तुम्ही दिवसभर त्याच्याबरोबर असता. उलटी-बिलटी काही?"

सकाळीच बेसिनमधली उलटी खंडूनं स्वतःच्या हातानं धुतली होती. हाताला अजून फिनाइलचा वास होता.

"छ्या! वाघ आहे वाघ," तो म्हणाला.

मॅडमनी सही केली.

रविवारी सातव्याच मिनिटाला सर्वेशनं घोटा धरला. काय पकड होती! बाकीचे सहा जण वरून पडले, शिट्टी वाजली, गुण मिळाला. ढिगातून एकेक गडी उठला. सर्वेश उठला नाही. टीव्हीवर तो मार तीनदा दाखवला आणि तिन्ही वेळा साधाच दिसला. खंडू मॅटच्या रेषेपाशी ओरडत होता, "ऊठ रे, गुण आपला आहे! ऊठ!"

डोक्याची दोन ऑपरेशनं झाली. सर्वेश जगला, आणि एवढंच झालं. संघानं त्याचा फोटो छातीवर लावून पुढचा सामना खेळला. नवा डावा कोपरा चांगला निघाला. मग चौकशी बसली. कागदावर सही तेजल मॅडमची होती, म्हणून त्यांना काढलं. खंडूला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "आपण काय, मालिशवाले." आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द त्याच्या उपयोगी पडला.

आता रोज दुपारी तो जोगेश्वरीला, शेवंतीच्या सातव्या मजल्यावरच्या घरी जातो. सर्वेश आईला ओळखत नाही, खंडूलाही नाही. भरवलं तर खातो आणि भिंतीकडे बघतो. पहिल्या दिवशी खंडूनं तेल लावून पोटरीत अंगठा दाबला आणि पाच महिन्यांत एक अक्षर न बोललेला सर्वेश स्वच्छ म्हणाला, "लिंबू."

शेवंती स्वयंपाकघरातून धावत आली. तिनं खंडूचे तेलकट हात कपाळाला लावले. खंडूला वाटलं, जमीन फाटावी.

पुढच्या दाबांना बाकीचे चार शब्दही आले, आणि त्या दिवसापासून ती लेकाचा शब्द खाली पडू देत नाही. पलंग तिनं खिडकीशी ओढला. चादर रोज बदलते. माळ्यावरचा पितळेचा तांब्या चिंच लावून लखलखीत घासून त्याच्या उशाशी ठेवलाय.

"बैल तेवढो बाकी रवलो बघा," ती आज म्हणाली. "गावाक तेच्या आजाचे बैल होते, तेंचीच याद येता तेका. डॉक्टर म्हणता न्हेलात तर चालात. मे महिन्यात गावाक न्हेतंय मी. तुम्ही येशात ना, खंडूभाऊ? तुमच्या हाताशिवाय बोलणा नाय तो."

"वहिनी..." खंडू म्हणाला.

सगळं जिभेवर आलं होतं. ती यादी, ते बेसिन, बिचाऱ्या मॅडमची नोकरी. शेवंती त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर इतका विश्वास होता की त्यापेक्षा तिनं एक कानाखाली दिली असती तर बरं झालं असतं. पण सांगितलं तर तिच्या हातात काय उरणार होतं? आणि खरं बोलायचं तर, आपलं स्वतःचं काय होईल याचीच त्याला भीती वाटली.

"येईन की," तो म्हणाला.

आज त्यानं मुद्दाम पोटरी सोडून मांडी चोळली, तळवे चोळले. सर्वेश गप्पच. शेवंती ग्लास घेऊन पलंगाशी उभी होती, वाट बघत.

"आज बोलणा नाय तो?" तिनं विचारलं.

खंडूनं हात पोटरीवर आणला आणि अंगठा दाबला.

"लिंबू," सर्वेश म्हणाला.

"बघलात?" शेवंतीनं हसत सरबतात चमचा फिरवला. "तहान लागली माझ्या बाळाक."